मोजणीतून सुटलेली माणसे : सरदार सरोवर आणि सातपुड्यातले आदिवासी

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या शेवटच्या उतारांवर, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे नर्मदेच्या काठाने वसली होती. भिल्ल, पावरा, तडवी आणि वसावे यांची ही गावे सरदार सरोवराच्या बुडितात गेली, काही पूर्ण, काही अर्धी. या धरणातून महाराष्ट्राला मुख्यतः वीज मिळाली आणि त्या विजेसाठी ज्यांनी घरदार सोडले ते याच राज्याचे नागरिक होते. म्हणून या प्रकल्पाचा हिशेब मराठी वाचकाने समजून घ्यायला हवा. मोठे ऊर्जा प्रकल्प आदिवासी समाजांचे काय करतात, हे सांगणारे याहून जवळचे उदाहरण आपल्याकडे नाही.

प्रकल्प नेमका काय आहे

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे 1312 किलोमीटर वाहून भरूचजवळ समुद्राला मिळते. गुजरातमध्ये केवडियाजवळ नवागाम येथे तिच्यावर सरदार सरोवर बांधले आहे. 5 एप्रिल 1961 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. धरण किती उंच असावे आणि पाणी कोणी किती घ्यावे, यावर राज्यांचे एकमत होईना, म्हणून 1969 मध्ये नर्मदा पाणी तंटा लवाद नेमला गेला. दहा वर्षांनी, डिसेंबर 1979 मध्ये, लवादाने अंतिम निवाडा दिला आणि जलाशयाची पूर्ण पातळी 138.68 मीटर ठरवली.

जलाशय सुमारे 214 किलोमीटर लांब पसरतो आणि जवळपास 37 हजार हेक्टर क्षेत्र पाण्याखाली घेतो. बुडितातली गावे तीन राज्यांत आहेत: मध्य प्रदेशात 190 हून अधिक, महाराष्ट्रात 33 आणि गुजरातमध्ये 19. नदीपात्रातले वीजगृह 1200 मेगावॅटचे आणि कालव्याच्या तोंडाशी असलेले 250 मेगावॅटचे, अशी एकूण क्षमता 1450 मेगावॅट आहे. 17 सप्टेंबर 2017 रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला.

महाराष्ट्राच्या वाट्याला काय आले

निवाड्यानुसार विजेत मध्य प्रदेशाचा वाटा 57 टक्के, महाराष्ट्राचा 27 टक्के आणि गुजरातचा 16 टक्के आहे. पाण्याचा मोठा लाभ गुजरातला आणि काही राजस्थानला मिळतो. नर्मदेच्या पाण्यात महाराष्ट्राचा एकूण वाटा 0.25 दशलक्ष एकर फूट, म्हणजे सुमारे 10.9 टीएमसी, एवढाच आहे.

याचा सरळ अर्थ असा की महाराष्ट्राच्या बाजूने हा ऊर्जा प्रकल्प आहे. वीज ग्रिडमध्ये गेली की ती कारखान्यांना, शहरांना, शेतीपंपांना मिळते. तिचा ग्राहक शेकडो किलोमीटर दूर असतो. बुडीत मात्र एकाच ठिकाणी, एकाच समाजाच्या अंगणात येते. लाभ पातळ पसरलेला आणि तोटा एका जागी साचलेला, ही मोठ्या ऊर्जा प्रकल्पांची ठरलेली रचना आहे. आपल्याकडे ती नवीनही नाही. 1921 मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हाही पाणी मावळातले होते आणि वीज मुंबईसाठी होती.

देशपातळीवरही तोटा कुणाकडे साचतो हे दिसते. 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या 8.6 टक्के आहे. विकास प्रकल्पांनी विस्थापित झालेल्यांमध्ये आदिवासींचे प्रमाण मात्र सुमारे 40 टक्के असल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. धरणाला नदीचे अरुंद खोरे लागते, खाणीला डोंगर लागतो आणि आदिवासींची वस्ती बहुधा तिथेच असते. शिवाय त्यांच्या जमिनीचे कागद अपुरे असतात आणि त्यांचा आवाज राजधानीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे विरोध कमी होईल आणि खर्चही कमी येईल, असा हिशेब मांडला जातो.

जे सातबाऱ्यावर नव्हते

काठावरच्या माणसाचे जगणे एका शेतावर चालत नसे. उतारावरच्या शेतात ज्वारी, मका, बाजरी आणि कडधान्ये निघत. पाणी ओसरले की नदीकाठच्या गाळात पीक घेतले जाई. जंगलातून मोह, चारोळी, डिंक, तेंदूपाने, बांबू, औषधी मुळ्या आणि गुरांना चारा मिळे. नदी मासे देई. पेरणीला किंवा घर बांधायला सारा पाडा हाताला हात लावी. या परस्पर श्रमाला तिथे ‘लाह’ म्हणतात आणि त्यात पैशाची देवघेव नसते. इंदल आणि होळी हे सण, गावदेव, हे सारे त्या डोंगरांशी आणि त्या पाण्याशी बांधलेले होते. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे प्राचीन देऊळही बुडितात गेले.

यातले सातबाऱ्यावर फार थोडे होते. महाराष्ट्रातल्या बुडिताचा मोठा भाग वनखात्याच्या नावावर होता. पिढ्यानपिढ्या कसलेल्या शेतांना सरकारी दप्तरात ‘अतिक्रमण’ म्हणत. अक्राणीतली अनेक गावे तर दीर्घकाळ वनगावेच राहिली. महसुली गाव म्हणून त्यांची नोंद नव्हती, मग सातबारा कुठून असणार? कागदावर जो खातेदार नाही तो भूमिहीन ठरतो आणि भूमिहीनाला जमिनीची भरपाई नसते. जंगल, मासे, गाळपेर, चराई, शेजारच्या पाड्यातले सोयरे, यांचा तर भरपाईच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

निवाड्याने दिलेले वचन

तरीही 1979 चा निवाडा त्या काळाच्या मानाने बराच पुढे होता, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा भूसंपादन 1894 च्या कायद्याने होत असे. सरकार रोख पैसे मोजत असे आणि माणूस पुढे कुठे जातो याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व घातले. ज्या कुटुंबाची 25 टक्क्यांहून अधिक जमीन जाईल, त्याला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन द्यायची. 18 वर्षे पूर्ण झालेला मुलगा वेगळे कुटुंब धरायचा. वसाहतीत घरासाठी प्लॉट, शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी आणि रस्ता हवा. जमीन आणि प्लॉट बुडिताच्या एक वर्ष आधी मिळायला हवेत आणि पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय कोणतेही क्षेत्र बुडवायचे नाही.

म्हणजे क्रम स्पष्ट होता: आधी पुनर्वसन, मग पाणी. नंतरचा सारा संघर्ष या क्रमासाठी झाला. लोक लवादाने मान्य केलेलेच मागत होते.

मोजणीत कोण सुटले

निवाड्याच्या वेळी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून बाधित कुटुंबे सहा हजारांच्या थोडी वर असतील असा अंदाज होता. 1990 च्या दशकात, तिन्ही राज्ये धरून, सरकारी आकडाच चाळीस हजारांच्या घरात गेला. धरणाची उंची निवाड्यातच ठरली होती, तरी कुटुंबे वाढत गेली, कारण सुरुवातीची मोजणी घाईने आणि अपुरी झाली होती.

दुर्गम पाड्यांवर तलाठी पोचला नाही. पोचला तेव्हा एका घरात राहणारी तीन कुटुंबे एक म्हणून लिहिली गेली. सज्ञान मुलांच्या वयाचे दाखले नव्हते. विधवा आणि परित्यक्ता यांची वेगळी नोंद अनेकदा झालीच नाही, कारण कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष असे दप्तराने गृहीत धरले होते. अशा यादीबाहेरच्या माणसांसाठी नंदुरबारमध्ये ‘अघोषित’ हा शब्द रुळला. घोषित प्रकल्पग्रस्ताला जमिनीचा हक्क होता. अघोषिताचे घर त्याच पाण्यात बुडले, तरी सरकारदरबारी तो बुडालाच नव्हता.

2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुनर्वसन न झालेली आणि नोंदीबाहेर राहिलेली अनेक कुटुंबे त्यातून पुढे आली. नंतरच्या सर्वेक्षणांत त्यांपैकी बऱ्याच जणांना घोषित करावे लागले.

काही लोक तर बुडिताच्या व्याख्येतच बसले नाहीत. केवडिया, कोठी, वाघडिया, लिंबडी, नवागाम आणि गोरा या सहा गावांतल्या तडवी आदिवासींची जमीन 1961 पासून धरणाच्या वसाहतीसाठी घेतली गेली. ती पाण्याखाली गेली नाही, म्हणून लवादाच्या पुनर्वसनाचा लाभ त्यांना मिळाला नाही. कालव्यात जमीन गेलेल्यांचीही तीच गत झाली.

पाणी चढत गेले

जागतिक बँकेने 1985 मध्ये या प्रकल्पासाठी 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मेधा पाटकर आणि काठावरच्या गावकऱ्यांनी उभ्या केलेल्या नर्मदा बचाओ आंदोलनाने पुनर्वसनाचे वास्तव जगापुढे आणले. तेव्हा बँकेने ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. समितीने जून 1992 मध्ये अहवाल दिला: आहे त्या परिस्थितीत सर्वांचे पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे सरून फेरविचार करावा. मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज घेणे थांबवले. धरणाचे काम मात्र थांबले नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांपर्यंत पाणी आले. अक्कलकुवा तालुक्यातले हे छोटे गाव महाराष्ट्रातले पहिले बुडीत गाव ठरले. मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असे सांगणारा 1994 चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा मणिबेलीच्याच नावाने ओळखला जातो.

1994 मध्ये आंदोलन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि काही वर्षे धरणाची उंची रोखली गेली. 18 ऑक्टोबर 2000 रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला. बहुमताने धरण पुढे नेण्यास परवानगी दिली, मात्र उंची टप्प्याटप्प्याने आणि पुनर्वसनाच्या बरोबरीनेच वाढवायची अशी अट घातली. न्यायमूर्ती भरुचा यांनी वेगळे मत नोंदवले. पर्यावरणीय परिणामांचा नीट अभ्यास होईपर्यंत काम थांबवावे, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च 2005 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की तात्पुरते बुडीत आणि कायमचे बुडीत असा भेद करून हक्क नाकारता येणार नाहीत.

तरीही प्रत्येक टप्प्यावर कागदावरचे पुनर्वसन आणि प्रत्यक्षातले पुनर्वसन यांत अंतर राहिले. उंची 2006 मध्ये सुमारे 122 मीटरपर्यंत गेली आणि जून 2014 मध्ये दरवाजे बसवायला मंजुरी मिळाली. एकदा पाणी चढले की वाटाघाटीत काठावरच्या माणसाचे बळ संपते. क्रम मोडल्याची खरी किंमत हीच आहे.

वसाहतीतले नवे आयुष्य

महाराष्ट्रात पुनर्वसनासाठी शेतजमीन शोधणे अवघड गेले. शेवटी तळोदा परिसरातली सुमारे 4200 हेक्टर वनजमीन त्यासाठी मोकळी केली गेली. ती जागाही रिकामी नव्हती. तिथल्या जंगलावर आधीपासून दुसरे आदिवासी जगत होते आणि काही जण तिथे शेती करत होते. त्यामुळे एका आदिवासी गावाचे पुनर्वसन दुसऱ्या आदिवासी गावाशी वाद ओढवून घेऊन झाले. काही कुटुंबांनी गुजरातमधल्या वसाहती निवडल्या, आणि एकाच गावातले भाऊबंद दोन राज्यांत विखुरले.

ज्यांना चांगली काळी जमीन मिळाली, त्यांतले काही जण कापूस, ऊस, केळी घेऊ लागले आणि त्यांची मुले शिकली. हेही सांगितले पाहिजे. पण सपाटीवरच्या शेतीला बियाणे, खत, वीजबिल असे रोख पैसे लागतात. डोंगरात जळण, चारा आणि रानभाजी फुकट मिळे. जंगलात जाऊन मिळवायचे ते बाजारातून आणायची वेळ आली, तेव्हा घरातला बाईचा अधिकार आक्रसला. मोह आणि चारोळीचा पैसा तिच्या हातात येत असे, जमिनीचा कागद मात्र नवऱ्याच्या नावाने निघाला.

टापूवर राहिलेले

सगळे उठून गेले नाहीत. जमीन मिळाली नाही, पटली नाही किंवा नावच घोषित झाले नाही, म्हणून अनेक कुटुंबे मूळ गावातच वरच्या उतारावर सरकली. पाणी वाढले तसे त्यांचे पाडे तीन बाजूंनी वेढले गेले. अशा जागेला तिथले लोक ‘टापू’ म्हणतात. जुन्या पायवाटा बुडाल्या. बाजार, रेशन, दवाखाना, शाळा या सगळ्यांसाठी बोट हाच रस्ता झाला. आरोग्य विभागाला तरंगता दवाखाना चालवावा लागला. जानेवारी 2019 मध्ये संक्रांतीला नदीपूजेसाठी निघालेली बोट भुषाजवळ उलटली आणि त्यात माणसे दगावली.

याच काळात लोकांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. शासनाच्या शाळा अनेक ठिकाणी कागदावरच चालत होत्या, तेव्हा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे पहिल्या जीवनशाळा निघाल्या. मुले तिथे पावरी आणि भिलीतून शिकायला सुरुवात करतात, पुढे मराठीकडे जातात. जलाशयातल्या मासेमारीवर विस्थापितांचाच पहिला हक्क असावा, यासाठी मच्छीमार सहकारी संस्थाही उभ्या राहिल्या.

बिलगावची वीज

अक्राणीच्या काठावरच्या गावांनी एका मोठ्या वीज प्रकल्पासाठी घरे सोडली, पण त्यांच्या स्वतःच्या पाड्यांवर वीज नव्हती. डोमखेडीत 2000 साली लोकांनी ओढ्यावर अगदी लहान जलविद्युत संच बसवून काही घरांत दिवे लावले. तो पुढे धरणाच्या बुडितात गेला. बिलगावात 2003 साली मोठा प्रयत्न झाला. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी आराखडा केला, गावकऱ्यांनी श्रमदानाने बंधारा बांधला आणि ओढ्याच्या पाण्यावर सुमारे 15 किलोवॅटचा संच चालू झाला. 300 हून अधिक घरांत उजेड आला. जास्तीच्या पाण्याने शेत भिजवायची सोयही त्यात होती. 2006 च्या पावसाळ्यातल्या पुरात हा प्रकल्प उद्ध्वस्त झाला.

15 किलोवॅटने देश चालत नाही, हे खरे आहे. पण बिलगावाने एक गोष्ट सिद्ध केली: आदिवासी विजेच्या किंवा विकासाच्या विरोधात नाहीत. जागा त्यांनी निवडली, श्रम त्यांनी दिले, वीज वाटायची कशी तेही त्यांनी ठरवले. तिथे कोणाला उठवावे लागले नाही.

कायदा आता काय म्हणतो

सरदार सरोवराच्या लढ्याने देशाच्या कायद्यावर परिणाम केला. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक केला. 2006 च्या वनहक्क कायद्याने पिढ्यानपिढ्या कसलेल्या वनजमिनीचा आणि सामूहिक वनावरचा हक्क मान्य केला, म्हणजे काल जे अतिक्रमण होते ते हक्काचे झाले. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आणि अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमती आली. त्याच वर्षी ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि तिथल्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्यात आदिवासींची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती घ्यावी असे म्हटले आहे आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले आहे.

मात्र पळवाटाही तिथेच आहेत. पर्यावरणीय मूल्यांकन होत असेल तर सिंचन प्रकल्पाला सामाजिक मूल्यांकनातून सूट मिळू शकते. 2022 च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता तपासण्याची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याकडे ढकलली. मंजुरी आधी आणि संमती नंतर असा क्रम झाला की ग्रामसभेपुढे फक्त सही उरते.

पुढच्या प्रकल्पांसाठी चार अटी

सह्याद्रीत उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे, म्हणजे पाणी वर उपसून साठवून त्यावर वीज करणाऱ्या प्रकल्पांचे, अनेक प्रस्ताव पुढे येत आहेत. खानदेशात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि साक्री परिसरात त्या वनजमिनींवर आदिवासींनी आपला हक्क सांगितला. हवामान बदलाच्या काळात कोळशाला पर्याय हवाच. पण वीज हरित असली म्हणून विस्थापन न्याय्य होत नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये फोसेन येथील पवनऊर्जा प्रकल्पाचे परवाने अवैध ठरवले, कारण तिथल्या सामी समाजाच्या रेनडिअर पाळण्याच्या संस्कृतीवर घाला पडत होता.

नर्मदेकाठच्या अनुभवातून चार अटी निघतात. पहिली, मोजणी ग्रामसभेत उघड वाचून व्हावी आणि स्त्रियांची नोंद स्वतंत्र व्हावी. दुसरी, जंगल, नदी आणि चराई यांवरच्या उपजीविकेला भरपाईत रकाना हवा. तिसरी, संमती मंजुरीच्या आधी घ्यावी, तिच्यात नकाराचा हक्क असावा आणि पुनर्वसन पूर्ण झाल्याशिवाय पाणी अडवू नये. चौथी, प्रकल्पाच्या उत्पन्नातला कायमचा वाटा आणि पहिली वीजजोडणी बाधित गावाला मिळावी.

सरदार सरोवरात लवादाचा निवाडा होता, न्यायालयाच्या अटी होत्या, देखरेखीच्या यंत्रणाही होत्या. तरीही माणसे मोजणीतून सुटली, कारण धरणाला तारीख होती आणि पुनर्वसनाला नव्हती. आज ग्रामसभेचे ठराव, वनहक्काचे दावे आणि प्रकल्पाचे अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. तुमच्या जिल्ह्यात असा एखादा प्रकल्प येत असेल, तर जनसुनावणीला जा आणि बाधितांची यादी मागा. यादीत कोण आहे ते वाचा आणि मग पाड्यावर जाऊन कोण राहिले ते विचारा.